हौदाचा उतार

सकाळी दाढी करता करता मागच्या बाजूला पंपाची घरघर सुरू झाली आणि धाकट्याचा हात हलला. हनुवटीखाली बारीकशी चीर पडली. रक्त यायला जरा वेळ लागला. आधी नुसती पांढरी रेघ दिसली, मग ती लाल झाली आणि साबणाच्या फेसात गुलाबी होऊन गळ्याकडे उतरली. त्याने ती पुसली नाही. वस्तरा तसाच धरून तो ऐकत राहिला. पंप हौदाचा होता. बाप गेल्यापासून, म्हणजे घराच्या मधोमध भिंत उभी राहिल्यापासून त्या हौदाला कुणी हात लावला नव्हता, आणि आज थोरल्याने त्याला न विचारता, न सांगता पंप लावला होता. आरशातल्या माणसाने दात आवळले होते. आपला उजवा हात वस्तरा फार घट्ट धरून आहे हे धाकट्याच्या ध्यानात आलं. त्याने वस्तरा हळूच बेसिनच्या कडेवर ठेवला. थोरल्याची भीती त्याला फार वर्षांपूर्वीच वाटेनाशी झाली होती. हल्ली भीती वाटायची ती या हाताची. एक दिवस हा आपल्याला न विचारता थोरल्यावर पडेल आणि मग पुढचं सगळं आयुष्य त्या एका क्षणाच्या नावावर होईल, असं त्याला वाटायचं. दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्म्याची चौकट बसवताना, भिंगं बदलत ‘हे स्पष्ट की ते?’ असं विचारताना हाच हात इतका हलका असायचा की म्हाताऱ्या बायका आशीर्वाद देऊन जायच्या. तो हात आणि हा हात एकाच खांद्याला जोडलेला आहे हे फक्त त्यालाच माहीत होतं.

त्या खड्ड्याला ‘पोहण्याचा तलाव’ म्हणायचा तो फक्त बाप. बाप बांधकामाचे ठेके घ्यायचा. लोकांच्या न्हाणीघरांतून उरलेल्या फरश्या जमवून त्याने घरामागे हा तलाव बांधला, त्यामुळे एक भिंत निळी, एक हिरवट, एक कोपरा दवाखान्यासारखा पांढराफटक. आई त्याला हौद म्हणायची. बाप चिडायचा, पण नाव आईचंच चिकटलं. धाकट्याच्या बाजूला कमरेइतकं पाणी, मग तळ उतरत उतरत थोरल्याच्या बाजूला डोक्यावरून जाणारं पाणी. तेव्हा अर्थात त्याची बाजू आणि थोरल्याची बाजू असं काही नव्हतं. दोघं भांडले की बाप एवढंच म्हणायचा, “पाण्यात सोडवा.” दोघांनी डोकी पाण्याखाली घालायची, आणि जो आधी वर येईल तो हरला. बाप काठावर ओला टॉवेल पिळून उभा असायचा. वर येणाऱ्याच्या पाठीवर तो टॉवेल सपकन बसायचा. गणिताची वही कुणी फाडली, सायकल कुणी आपटली, काच कुणी फोडली, सगळे निकाल पाण्याखाली लागायचे, आणि न्याय म्हणजे फुप्फुसं, हे दोघांनाही लहानपणीच कळलं. थोरल्याची फुप्फुसं मोठी होती. तेवढ्यावर त्याचं भागत नसे. पाण्याखाली तो धाकट्याचे केस मुठीत धरायचा, आणि धाकटा वर यायला निघाला की धरून ठेवायचा. आपण हरलो हे कबूल असूनही वर येता येऊ नये, ही एक वेगळीच गोष्ट असते. डोळ्यांपुढे हिरवं, मग पिवळं, मग काळं व्हायचं आणि कानात कुणीतरी लोखंडी पिंप बडवल्यासारखं व्हायचं. एकदा धाकट्याने थोरल्याचा अंगठा दातात पकडला आणि हाडाला दात लागेपर्यंत सोडला नाही. पाणी लाल झालं. बापाने दोघांना बाहेर काढलं, अंगठा पाहिला आणि धाकट्याकडे बघून पहिल्यांदा हसला. त्या हसण्याची गोडी आठवली की अजून त्याला स्वतःची किळस येई.

बाप गेल्यावर मामाने मध्यस्थी करून घर विभागलं. स्वयंपाकघराच्या मधून भिंत गेली, जिना थोरल्याकडे, गच्चीची चावी धाकट्याकडे. मामाने दोरी धरली तेव्हा ती हौदाच्या बरोबर मधून गेली. उथळ अर्धा धाकट्याचा, खोल अर्धा थोरल्याचा. मामाने हसत म्हटलं होतं, “आता पाणी तरी एकत्र राहू द्या रे.” पाणी राहिलं एकत्र, आणि सडलं. कारण एकाने साफ केलं तर दुसऱ्याचंही आयतं साफ होणार, आणि तेवढा उपकार करायची दोघांचीही तयारी नव्हती. पानं पडत गेली, कुजत गेली. पाण्यावर शेवाळाची साय धरली. बेडूक आले, मग बेडूक खायला काय काय आलं. आईसुद्धा विभागली होती. एक महिना या घरी, एक महिना त्या घरी. तिची पेटी आणि उशी भिंतीच्या या बाजूने त्या बाजूला जायची आणि ती तिच्यामागून हळूहळू चालत जायची, बदली झालेल्या कारकुनासारखी. ती गेली थोरल्याच्या महिन्यात. त्याआधी दिवसभर तिला धाप लागली होती, डॉक्टर येऊन गेले होते, आणि भिंतीच्या पलीकडे धाकटा दुकानाचा हिशेब बघत बसला होता. त्याला कळलं ते रडण्याचा आवाज आल्यावर. तो धावत गेला तेव्हा थोरला दारात उभा होता. “सांगितलं का नाहीस?” असं त्याने विचारलं. थोरला म्हणाला, “महिना माझा होता.” त्यानंतर दोघांत एकही शब्द झाला नव्हता. विस्तव जात नाही म्हणतात तसं नव्हतं; विस्तव भरपूर होता, फक्त तो भिंतीच्या दोन्ही बाजूंना राखेखाली झाकून ठेवलेला होता.

जावा मात्र बोलायच्या. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या दोन्ही घरांच्या शेजारी शेजारी होत्या, आणि ओल्या चादरींच्या आडून दोन्ही राज्यांचा पत्रव्यवहार चाले. आजही दाढी अर्धी टाकून धाकटा मागच्या दाराशी आला तेव्हा त्याची बायको चादर झटकत होती. ती म्हणाली, “आरोग्य खात्याचा माणूस आला होता म्हणे काल, तुम्ही दुकानात होतात तेव्हा. डासांच्या अळ्या बघून गेला. आठवड्यात हौद साफ करा म्हणाला, नाहीतर आम्ही येऊन बुजवतो.” धाकट्याने विचारलं, “मग मला का नाही सांगितलं?” ती म्हणाली, “जाऊबाई म्हणाल्या, भावजी म्हणाले, आपल्या अर्ध्याचं आपण बघू, त्यांच्या अर्ध्याचं ते बघतील.” धाकटा म्हणाला, “अर्धं पाणी कसं उपसतात म्हणावं?” बायकोने चिमटा तोंडात धरल्याधरल्या खांदे उडवले. चादरीच्या पलीकडून वहिनीचा आवाज आला, “भाऊजी, माझ्यावर नका चिडू. मी नुसतं तोंड आहे.” त्याला हसू आलं आणि ते आल्याचाही राग आला.

संध्याकाळी दुकानातून येईतो पाणी उपसून झालं होतं. हौदाच्या पोटात काय काय होतं ते उघडं पडलं होतं. काळा, चकचकीत, जाड गाळ. त्यात एक प्लास्टिकची खुर्ची, एका चपलेचा तळवा, मांजराच्या किंवा सशाच्या बरगड्या. वास असा की डोळ्यांना लागावा. आणि त्या गाळाच्या मधून, दोन्ही भिंतींवर चढलेली, ताज्या लाल ऑइलपेंटची रेघ होती. थोरल्याचं हार्डवेअरचं दुकान होतं, रंगाला तोटा नव्हता. तळावर रेघ ओढता यावी म्हणून त्याने मधला एक पट्टा फावड्याने साफ केला होता आणि तिथला गाळ आपल्या बाजूला न ओढता धाकट्याच्या बाजूला सारला होता. धाकट्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने चप्पल काढली, पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर घेतली, फावडं घेतलं आणि उतरला. तेवढा गाळ त्याने रेघेपलीकडे लोटला. मग, हात चालू होतेच, म्हणून आणखी थोडा लोटला. शिवाय उतार होता. त्याच्या बाजूचा गाळ आपल्या पायांनीच थोरल्याकडे चालला होता, याला तो काय करणार?

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तो सकाळपासूनच हौदात उतरला. थोरलाही उतरला. टक्कल पडलेला, पोट सुटलेला, बनियनवर. दोघं पाठमोरे काम करत होते. फावडं, घमेलं, काठावर ओतायचं, परत फावडं. धाकट्याला आश्चर्य वाटलं की थोरल्याचा श्वास त्याला ओळखू येत होता. फावडं मारताना नाकातून निघणारा हुंकार बापाचा होता. मधल्या वर्षांत भिंतीतून त्याने खोकला ऐकला होता, नळ ऐकला होता, बातम्या ऐकल्या होत्या, पण श्वास ऐकला नव्हता. हा श्वास बंद पडला तर कसं वाटेल, असं एकदम मनात आलं, तहान लागावी इतकं सहज. त्याने मान झटकली. गाळ रेघ ओलांडून सरकला. थोरल्याने तो फावड्याने परत लोटला. धाकट्याने लोटला. थोरल्याने उचलून टाकला, आणि त्यातला काही धाकट्याच्या पोटऱ्यांवर पडला. मग कुणी काय आधी केलं ते सांगता येणार नाही. गाळ हवेत उडायला लागला. दोघंही एकमेकांकडे न बघता, जणू काम करतोय अशा थाटात, घमेलंच्या घमेलं एकमेकांच्या बाजूला फेकत होते. तोंडात माती गेली, कुजक्या पानाची कडू चव जिभेवर बसली. थोरल्याच्या फावड्याची कड धाकट्याच्या नडगीवर बसली. हाडावर लोखंड आपटल्याचा आवाज त्याला पायातून डोक्यापर्यंत ऐकू आला. तो ओरडला नाही. ओरडणं म्हणजे आधी वर येणं. त्याने फावडं उलटं धरून दांड्याने थोरल्याच्या खांद्यावर हाणलं. थोरलाही ओरडला नाही. पन्नाशीच्या पुढचे दोन पुरुष एका खड्ड्यात, गाळाने माखून, तोंड मिटून एकमेकांना मारत होते, आणि वर दोन्ही बायका दोऱ्यांशी उभ्या राहून ओरडत होत्या. “अहो, लोक बघतायत,” धाकट्याची बायको म्हणाली. लोक कुणी नव्हते. पण तेवढ्याने दोघं थांबले. नडगीतून रक्त वाहून गाळात मिसळत होतं. धाकट्याला फार बरं वाटत होतं. पाठीवर बसलेला टॉवेल आठवला आणि बापाचं हसू आठवलं. इतकं बरं वाटू नये, हे त्याला कळत होतं.

गाळ निघाला तेव्हा खाली शेवाळ होतं, फरश्यांच्या सांध्यांत घट्ट रुतलेलं, काळपट हिरवं. ब्रशने घासून हात भरून आले तरी ते हलेना. वहिनीकडून चादरीपलीकडून बातमी आली की थोरला उद्या ॲसिड आणणार आहे. दुकानातला माल, पाण्यात मिसळून फरश्यांवर ओतायचा, घासायचा, की सगळं स्वच्छ. धाकट्याला थोरल्याच्या दुकानातलं ॲसिड नको होतं, आणि थोरल्याने वापरलेलं तर मुळीच वापरायचं नव्हतं. तो लंगडत बाजारात गेला. पाण्याच्या टाक्यांची औषधं विकणारा एक बडबड्या माणूस होता. त्याने ब्लीचिंग पावडरचं पोतं दाखवलं. “शेवाळाचा काळ आहे ही. पाण्यात कालवा, ओता, सकाळपर्यंत पांढरं. फक्त एक करा, ॲसिडच्या आसपास नेऊ नका. दोन्ही एकत्र झालं की जो धूर निघतो तो माणूस ठेवत नाही. जड असतो, खड्ड्यात बसून राहतो. मागे एका टाकीत एक जण उतरला, त्याला काढायला दुसरा उतरला...” तो सांगत राहिला. धाकट्याने मान डोलावली. त्याने सगळं ऐकलं. घरी येताना पोतं मांडीवर होतं आणि रिक्षा हादरली की त्यातून तीक्ष्ण, स्वच्छ वास नाकात जायचा. रस्त्यातल्या दुकानांच्या पाट्या त्याला नेहमीपेक्षा ठळक दिसत होत्या. आपण विचार करत नाही आहोत, असा विचार तो करत होता.

तिसऱ्या दिवशी ऊन चांगलं तापल्यावर थोरला शिडी लावून तळाशी उतरला. तोंडावर ओला रुमाल बांधलेला, पायांत रबरी बूट, हातात लांब दांड्याचा ब्रश. खोल बाजूच्या भिंतींवर त्याने ॲसिड ओतलं तसा फरश्यांवर फेस आला, चुर्र आवाज झाला आणि मळकट पाणी वाहून त्याच्या बुटांभोवती साचलं. हौदाच्या तळाची जाळी गाळाने तुंबलेली होती, त्यामुळे ते तिथेच राहिलं. वर, उथळ बाजूला, धाकटा बादलीत पावडर कालवत होता. पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं. जावा आत गेल्या होत्या. कुणाचं तरी रेडिओवरचं गाणं दूरवर चाललं होतं. धाकट्याने बादली उचलली आणि रेघेच्या अलीकडे, आपल्या हद्दीत, उतारावर उभा राहिला. त्याच्या पायांपासून थोरल्याच्या बुटांपर्यंत फरश्या ओल्या, चकाकत उतरत गेल्या होत्या. गिऱ्हाइकाला विचारतो तसं कुणी त्याला विचारलं असतं, हे स्पष्ट की ते, तर तो म्हणाला असता, सगळंच स्पष्ट. ‘दादा, बाजूला हो.’ एवढे तीन शब्द होते. ते त्याच्या घशाशी आलेही. पण ज्याने आधी तोंड उघडलं तो हरला. आई धापा टाकत होती तेव्हा यालाही तीनच शब्द पुरले असते. थोरल्याने मान वर केली. रुमालाच्या वर फक्त डोळे होते, आईसारखे, बाहेरच्या कोपऱ्यात जरा झुकलेले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सरळ. मी माझ्या अर्ध्यात ओततोय, असं धाकट्याने मनात म्हटलं. माझ्या अर्ध्यात काय ओतायचं ते कोण सांगणार? आणि हात पुढे झाला. ज्या हाताची त्याला एवढी वर्षं भीती होती तो हात काही रागाने उठला नाही, थरथरलाही नाही. नाकावर चष्मा बसवावा इतक्या अलगद त्याने बादली तिरपी केली.

पांढरं पाणी लाल रेघेवरून गेलं. रेघेने त्याला अडवलं नाही. ते थोरल्याच्या बुटांपाशी पोचलं आणि तिथून पिवळट हिरवा धूर उठला, फार वर गेला नाही, कमरेइतका. थोरला खोकला. मग दुसरा खोकला पहिल्यातच अडकला. त्याने ब्रश टाकला, रुमाल ओढून काढला, आणि तीच चूक झाली, कारण पुढचा श्वास त्याने तोंड उघडून घेतला. त्याचे डोळे वाहायला लागले. भिंतीला हात लावून तो शिडीकडे निघाला आणि फेसाळ फरशीवर बूट सटकला. गुडघ्यांवर पडला. घशातून असा आवाज निघत होता की जणू कुणी ओलं कापड फाडतंय. धाकटा वर उभा होता. त्याला आनंद झाला. खोटं बोलण्यात अर्थ नाही. छातीत कुणीतरी खिडकी उघडावी तसा, स्वच्छ, गार, मोठा आनंद झाला. तू खाली, मी वर. केस धरून ठेवलेल्या त्या सगळ्या दुपारी, आतून वाजणारं ते लोखंडी पिंप, दारात उभं राहून महिना मोजणारं ते तोंड, सगळं एकदम फिटत होतं. थोरल्याचा हात हवेत उठला, काही पकडायला, आणि त्या हाताच्या अंगठ्यावर पांढरा व्रण होता. धाकट्याने तो पाहिला. किती वेळ तो पाहत राहिला ते त्याला नंतर कधीच सांगता आलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. हात खाली पडला. थोरला तोंडावर पडला, साचलेल्या पाण्यात, आणि हलेनासा झाला.

मग धाकटा उतारावर होता. ठरवलं कधी, पाय उचलला कधी, काही आठवत नव्हतं. दोरीवरचा ओला टॉवेल त्याच्या तोंडाशी होता, म्हणजे तो आधी दोरीकडे गेला असणार. बडबड्या दुकानदाराच्या गोष्टीतला दुसरा माणूस आपण आहोत, एवढं मात्र मनात आलं. श्वास धरून तो धुरात शिरला. डोळ्यांत मिरची चोळावी तशी आग झाली. त्याने थोरल्याच्या काखांत हात घातले आणि ओढलं. थोरला जड होता, ओला, निसरडा, पोत्यासारखा. पाय घसरले, दोघं पडले, थोरल्याचं डोकं फरशीवर आपटलं. धाकट्याचा धरलेला श्वास संपत आला. कानात पिंप वाजायला लागलं. बापाने काठावर उभं राहून टॉवेल पिळावा तसा उन्हाचा झोत वरून येत होता. त्याने दात ओठांत रुतवले आणि परत ओढलं, शिव्या देत, तोंड मिटून, मनातल्या मनात, बापाला, आईला, थोरल्याला, ज्या ज्या शिव्या येत होत्या त्या सगळ्या देत. नडगीची जखम उघडली. थोरल्याच्या टाचा लाल रेघेवरून घासत अलीकडे आल्या. मग त्याने तोंड उघडलं आणि किंचाळला. त्या किंचाळीत शब्द नव्हता. वहिनी धावत आली, तिने नळाची नळी दोघांवर सोडली, मग त्याची बायको आली, मग लोक खरंच जमले.

थोरला वाचला. आठवडाभर नाकाला नळी होती, फुप्फुसं भाजली होती, पण वाचला. धाकट्यालाही दोन दिवस ठेवून घेतलं. त्याच्या खाटेशी माणसं येऊन जात. वहिनी त्याचा हात दोन्ही हातांत धरून रडली, “भाऊजी, तुम्ही नसता तर...” तिला वाक्य पुरं करता आलं नाही. त्याला ते पुरं करून द्यावंसं वाटलं. ‘मी नसतो तर तो आत्ता दुकानात असता, वहिनी.’ त्याने हात सोडवून घेतला. पावडर आणि ॲसिड एकत्र आलं, दोघं बोलत नव्हते म्हणून कुणाला कळलं नाही, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मामा काठी टेकत आले, म्हातारे, डोळ्यांत पाणी, आणि म्हणाले, “काठी मारल्याने पाणी तुटत नाही म्हणतात ते खोटं नाही रे.” धाकटा कुशीवर वळला आणि खाटेखालच्या भांड्यात ओकला. औषधाने होतं असं, नर्स म्हणाली. आपला हात त्याने चादरीखाली ठेवला होता. तो हात आता अगदी शांत होता, जे करायचं ते करून झाल्यासारखा, आणि म्हणून त्याला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

थोरला घरी आल्यावर वहिनीने निरोप पाठवला नाही, स्वतः दारात आली. “हे बोलावतायत,” म्हणाली. आई गेल्यापासून धाकटा त्या दारातून आत गेला नव्हता. थोरला खाटेवर उशांना टेकून बसला होता, चेहरा उतरलेला, हातांची सालं निघालेली. वहिनी म्हणाली, “खोकला आला की ओंजळ करून पाठीवर थापट्या द्यायच्या, कफ सुटायला. नर्सने सांगितलंय. मी पेज ठेवलीय, बघून येते.” ती गेली. खोलीत औषधाचा आणि उन्हाचा वास होता. धाकटा खुर्चीच्या कडेवर टेकला. बराच वेळ कुणीच बोललं नाही, आणि पहिल्यांदाच ती जुनी शर्यत वाटली नाही, नुसती दोन माणसं गप्प बसल्यासारखी वाटली.

“मी वर बघितलं होतं,” थोरला म्हणाला. आवाज कागदावर वाळू घासावी तसा झाला होता.

“हो.”

“तूही बघितलंस.”

“हो.”

“काय होतं बादलीत?”

“ब्लीचिंग पावडर.”

“वासावरून कळलं होतं मला. दुकानात असते माझ्या. ॲसिडच्या खोलीत मी ती ठेवत नाही.” तो थांबला, श्वास गोळा केला. “बारक्या, वीस वर्षं हाच धंदा करतोय मी.”

बारक्या. लहानपणीचं हे नाव ऐकून धाकट्याने मान वर केली. “मग सरकला का नाहीस?” त्याने विचारलं. “शिडी हाताशी होती तुझ्या. सरकला का नाहीस, दादा?”

थोरल्याने खिडकीकडे पाहिलं. “तू ओतणार नाहीस असं वाटलं,” तो म्हणाला.

धाकट्याने खाली मान घातली. त्याला काहीच वाटत नव्हतं, आणि मग एकदम सगळं वाटलं, इतकं की खुर्चीचा दांडा धरावा लागला. शिवी दिली असती, थुंकला असता, पोलिसांत जातो म्हणाला असता तर सोपं होतं. या माणसाने आपल्यावर विश्वास ठेवला होता. कधीपासून? केस धरायचा तेव्हाही? दारात उभा होता तेव्हाही? आणि आपल्याला पत्ताच नाही.

“ओतलंस ते मला समजतं,” थोरला म्हणाला. “आईचं जे केलं मी, ते कुणी माझ्याशी केलं असतं तर मीही ओतलं असतं. तेवढं मला कळतं. पण मग उतरलास कशाला? ते काही कळत नाही. पडून पडून तेवढाच विचार करतोय.”

भाऊ आहेस म्हणून, असं म्हणता आलं असतं. सगळं गाव तेच म्हणत होतं. धाकट्याने ते वाक्य तोंडात घोळवून पाहिलं आणि मामांची काठी आठवून गिळून टाकलं. तो खरं ते शोधत राहिला. हवेत उठलेला हात, त्यावरचा व्रण, तो खाली पडला तेव्हा आनंदाच्या जागी एकदम झालेली ती रिकामी, भयंकर शांतता.

“तसं नको होतं,” तो म्हणाला.

“मग कसं?”

“हाताने.”

थोरला त्याच्याकडे पाहत राहिला. मग त्याच्या तोंडाचा कोपरा हलला, आणि तो हसायला लागला, आवाज न करता, खांदे हलवत. हसण्याचा लगेच खोकला झाला. तो पुढे वाकला, चेहरा लाल, मग निळसर, गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या, श्वास आत जाईना. धाकटा उठला, एका हाताने त्याने थोरल्याची छाती सावरली, दुसऱ्या हाताची ओंजळ करून पाठीवर थापटी दिली. बनियनखाली हाडं लागली. ही पाठ एवढी बारीक कधी झाली? त्याने आणखी एक थापटी दिली.

“मार,” थोरला खोकल्यातून म्हणाला. “नीट मार.”

धाकट्याने मारलं.

“जोरात.”

त्याने जोरात मारलं. तळहात झिणझिणला. आत खोल कुठेतरी घट्ट बसलेलं काहीतरी हललं. तो मारत राहिला, एकामागून एक, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी थोरल्याच्या मानेवर पडत होतं आणि थोरला खाटेची कड धरून, मान हलवत, अजून, अजून, असं सांगत होता. पेजेचं भांडं घेऊन वहिनी दारात आली आणि तिथेच थबकली.

“भाऊजी, हळू,” ती म्हणाली. “अहो, हळू.”

दोघांपैकी कुणीच तिच्याकडे पाहिलं नाही.